ओढा परत आणून देणाऱ्या लँडस्केप ऑफिसचा रिव्ह्यू, तीन पावसाळे थांबून लिहिलेला

रिव्ह्यूला उशीर झालाय हे मान्य, काम संपून तीन पावसाळे गेले. पण मुद्दामच थांबले. उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी लिहिला असता तर पाचपैकी पाच दिले असते, पहिल्या पुरानंतर लिहिला असता तर पाचपैकी एक दिला असता आणि तोही रागात, आणि दोन्ही वेळेला तो चुकीचाच ठरला असता. आता देतेय ते साडेतीन. दीड कुठे कापला ते पुढे येईलच. ऑफिसचं नाव टाकत नाहीये, कारण तक्रारी बऱ्याच आहेत आणि त्या सगळ्याच काही त्यांच्या माथी मारण्यासारख्या नाहीत, थोड्या आमच्याही माथी येतात.

सर्व्हिस काय होती ते आधी सांगते. आमच्या मागून जाणारा ओढा, साधारण सातशे मीटरचा तुकडा, कधीतरी सरळ करून काँक्रीटमध्ये बसवलेला, तळही काँक्रीटचा, दोन्ही बाजूला उतरत्या भिंती. उन्हाळ्यात मध्यभागी हातभर रुंदीचं काळं पाणी आणि पाऊस आला की अर्ध्या तासात छातीएवढं आणि दोन तासांनी परत हातभर. याला ओढा म्हणायचं फक्त नकाशात, आम्ही गटारच म्हणायचो. काठावर राहणाऱ्यांचा गट आणि पालिका मिळून याचं काहीतरी करायचं ठरलं आणि तीन लँडस्केप ऑफिसेसना, म्हणजे अशा मोकळ्या जागांचं डिझाईन करणाऱ्यांना, बोलावलं.

पहिल्या दोघांनी चित्रं दाखवली. तुम्हाला माहितीच असतील ती चित्रं, सगळ्यांची सारखीच असतात, दुपारचं स्वच्छ ऊन, निळं पाणी, फुगा धरलेलं एक पोरगं, सायकलवर हसणारी बाई आणि वर तीन पांढरे पक्षी. मी विचारलं की हे निळं पाणी येणार कुठून, आमच्याकडे तर चहाच्या रंगाचं आहे, तर म्हणे मॅडम ते रिप्रेझेंटेशन आहे.

तिसऱ्या ऑफिसच्या मॅडम आल्या त्या गमबूट घालूनच. लॅपटॉप उघडलाच नाही. आधी सातशे मीटर चालल्या, मग खाली उतरून चालल्या, मग काठावरच्या जुन्या माणसांना विचारत बसल्या की पाणी सगळ्यात वर कुठपर्यंत आलेलं आठवतंय, कोणत्या साली, आणि भिंतीवर खडूने खुणा करत गेल्या. आमच्यातल्या एका काकांनी विचारलं की कारंजं कुठे बसवणार, तर म्हणाल्या काका, आधी नदीला बसायला जागा द्या, कारंज्याचं नंतर बघू. काका तेव्हापासून त्यांच्यावर नाराज आहेत ते आजतागायत.

त्यांनी काढून दाखवलं ते एकच साधं ड्रॉइंग, ओढा आडवा कापला तर कसा दिसेल ते. सेक्शन म्हणतात त्याला. तेव्हा मला काही विशेष वाटलं नव्हतं, पण आता कोणी मला विचारलं की अशा ऑफिसकडे काय मागायचं, तर मी हेच सांगते की रंगीत चित्र मागू नका, सेक्शन मागा आणि त्यावर तीन रेघा मागा, उन्हाळ्याचं पाणी, दरवर्षीच्या पावसाचं पाणी आणि शंभर वर्षांतल्या एका मोठ्या पुराचं पाणी. या तीन रेघा ज्याला काढता येत नाहीत तो नदीचं काम करत नाहीये, नदीच्या बाजूला बाग करतोय. त्यांच्या सेक्शनमध्ये मध्ये एक अरुंद वळणावळणाची चर होती, म्हणजे कमी पाणी असलं तरी ते पसरून तापत नाही, खोल आणि वाहतं राहतं. तिच्या बाजूला रुंद पायरीसारखा सपाट भाग, जो दरवर्षी बुडणार, आणि त्याच्या वर हळूहळू चढता उतार. बस. बाकी झाडं, बाकं, दिवे सगळं यावर नंतर बसवलेलं.

काँक्रीट का वाईट हे मला आधी कळायचं नाही, उलट वाटायचं की पाणी लवकर निघून जातं ते चांगलंच की. पण ते लवकर जातं म्हणजे खालच्या वस्तीत लवकर आणि एकदम पोचतं. आपला पूर आपण पुढे ढकलून देतो इतकंच. लॉस एंजेलिसची नदी हे याचं सगळ्यात मोठं उदाहरण. १९३८ च्या मोठ्या पुरानंतर सैन्याच्या इंजिनिअर्सनी साधारण ८२ किलोमीटरच्या नदीचा बराचसा भाग काँक्रीटमध्ये घातला. गंमत म्हणजे ग्लेनडेल नॅरोज नावाच्या पट्ट्यात जमिनीखालचं पाणी इतकं वर होतं की तिथे तळाला काँक्रीट टाकताच आलं नाही, आणि नेमकं तिथेच आज वाळुंजाची झाडं आणि बगळे दिसतात. म्हणजे नदीला वाचवलं ते कोणाच्या प्लॅनने नाही, तिच्याच ओलीने.

आमच्या मॅडम ज्या कामाचं नाव सारखं घ्यायच्या ते सिंगापूरचं, कलांग नदीचं, बिशान आंग मो कियो पार्कमधलं. तिथे २.७ किलोमीटरचा सरळ काँक्रीटचा कालवा होता, तो तोडून ३.२ किलोमीटरची वळणं घेणारी नदी केली, २०१२ मध्ये लोकांसाठी उघडली. पाणी त्याच दोन टोकांमध्ये, फक्त वळणांमुळे नदी अर्धा किलोमीटर लांब झाली. आधी कालव्याची रुंदी १७ ते २४ मीटर होती, आता मोठ्या पावसात पाणी जवळजवळ १०० मीटरपर्यंत पसरतं आणि पाणी वाहून नेण्याची ताकद साधारण ४० टक्क्यांनी वाढली. हे ऐकून आमचे इंजिनिअर साहेब पहिल्यांदा खुर्चीत सरळ बसले, कारण तोवर त्यांना वाटत होतं की हे सगळं फुलपाखरांसाठी चाललंय. तोडलेल्या काँक्रीटचे तुकडे टाकून दिले नाहीत, त्यांचाच एक टेकाड रचलाय तिथे बसायला. पण मला त्यातलं सगळ्यात आवडलेलं काय तर आधी केलेली ट्रायल. मोठ्या कामाआधी २००९ मध्ये पार्कातल्याच एका बाजूच्या नाल्यावर ६० मीटरचा तुकडा घेऊन काठ धरून ठेवायच्या दहा वेगवेगळ्या पद्धती लावून बघितल्या, कोणती टिकते ते. कारण काठ काँक्रीटऐवजी मुळांनी धरून ठेवायची ही पद्धत थंड देशांत जुनी आहे, पण तिथल्या पावसात आणि तिथल्या झाडांवर ती चालेल की नाही हे करून बघितल्याशिवाय कळणार नव्हतं.

आमच्या ऑफिसनेही तसंच केलं, आणि साडेतीनातले निदान दीड स्टार मी याच एका गोष्टीसाठी दिलेत. तीस मीटरचा तुकडा, तीन पद्धती. पहिली, काथ्याचे लांब जाड लोड काठाच्या पायथ्याला खुंट्या मारून ठेवायचे आणि त्यात लव्हाळं लावायचं. दुसरी, वाळुंजासारख्या झाडांच्या ताज्या फांद्यांच्या मोळ्या बांधून चरीत अर्ध्या पुरायच्या, त्या फुटतात. तिसरी, मोठे दगड आणि त्यांच्या फटीत जिवंत खुंट. लोक येऊन बघायचे आणि हसायचे, एक जण म्हणाला एवढ्या मोठ्या ऑफिसने सरपण पुरलंय. पहिल्याच जोराच्या पावसात काथ्याचे दोन लोड सुटून पुलाच्या खांबाला जाऊन अडकले, पेपरात फोटोसकट बातमी. आम्हाला वाटलं आता कामच बंद होणार. मॅडमनी मात्र येऊन शांतपणे मोजमापं घेतली आणि म्हणाल्या बरं झालं तीस मीटरमध्ये कळलं, सातशे मीटरमध्ये कळलं असतं तर? खुंट्या आखूड पडल्या होत्या आणि लोडाचं वरचं टोक काठात नीट दाबलेलं नव्हतं, पाणी मागून शिरलं. मोळ्यांना मात्र दोन महिन्यांत हातभर फुटवे. शेवटी बाहेरच्या वळणावर जिथे पाणी धडकतं तिथे दगड आणि खुंट, आतल्या वळणाला नुसत्या मोळ्या आणि लव्हाळं, असं ठरलं. आता तिसऱ्या वर्षी ती वाळुंजं माझ्या डोक्याच्या वर गेलीत आणि पूर आला की आडवी होतात आणि परत उभी राहतात, बघायला मजा येते.

आता तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी, ड्रॉइंगमधलं झाड आणि प्रत्यक्ष लागलेलं झाड. यादी सुंदर होती, काठाच्या कोणत्या उंचीवर कोणतं, किती पाण्यात बुडलेलं चालतं, सगळं लिहिलेलं. पण लागवड ऑफिस करत नाही, कॉन्ट्रॅक्टर करतो. आणि कॉन्ट्रॅक्टर नर्सरीत गेला तर नर्सरीत लव्हाळं नाहीच, कारण आजवर कोणी मागितलंच नव्हतं, लव्हाळं कोण विकत घेतं. मग त्याने "तत्सम" या एका शब्दाचा आधार घेऊन बॉर्डरला लावतात तसली रंगीत पानांची झुडपं आणि लॉन आणून लावलं. लॉन! नदीच्या काठावर! पहिल्या पावसात ते गालिच्यासारखं गुंडाळून गेलं. ऑफिसचं म्हणणं की आमच्या माणसाने साईटवर येऊन रिजेक्ट केलं होतं, कॉन्ट्रॅक्टरचं म्हणणं की बिल पास झालं होतं, आणि आम्ही मधल्या मधे. यात ऑफिसची चूक अशी की झाडं हवीत दीड-दोन वर्षांनी हे पहिल्या दिवसापासून माहिती असताना नर्सरीला आधीच सांगून रोपं वाढवून घ्यायला हवी होती. दुसऱ्या वर्षी त्यांनी तेच केलं, वरच्या बाजूच्या ओढ्यातूनच बी आणि कंद गोळा करून. मग ते आधी का नाही? अर्धा स्टार इथे गेला.

दुसरी तक्रार, देखभाल. काम संपताना एक जाडजूड फाइल दिली, मेंटेनन्स मॅन्युअल, नव्वदच्या आसपास पानं. ती पालिकेच्या कपाटात गेली. आणि ज्या माळ्याने रोज काठावर काम करायचं त्याला कोणी काही सांगितलंच नाही, तो बिचारा आयुष्यभर बागा स्वच्छ ठेवत आलेला, त्याने एका आठवड्यात सगळं लव्हाळं मुळापर्यंत कापून काठ चकाचक केला. तण आहे म्हणाला. त्याच्या जागी मी असते तर मलाही तेच वाटलं असतं. मी तावातावाने फोन केला तर मॅडम स्वतः आल्या, माळीदादांबरोबर दिवसभर फिरल्या आणि नंतर त्या नव्वद पानांचा एक कागद झाला, प्लास्टिकमध्ये घातलेला, फोटोंसकट, डावीकडे कापायचं, उजवीकडे नाही कापायचं, खाली कोणत्या महिन्यात. तो कागद आजही अवजारांच्या खोलीत लटकलाय आणि माळीदादा आता आम्हालाच शिकवतात. म्हणजे जमत होतं, फक्त आधी सुचलं नाही. अजून अर्धा स्टार.

आता पाण्याचं. याबाबतीत मात्र त्यांनी पहिल्याच मीटिंगला हात वर केले होते आणि ते मला प्रामाणिकपणाचं वाटलं. म्हणाल्या, वरून दोन ठिकाणी मैलापाण्याचे पाइप येतायत, ते आधी बंद करा, नाहीतर आम्ही काय करणार, गटाराची वेणीफणी. यावर पालिकेचे लोक म्हणाले की पाणवनस्पती पाणी स्वच्छ करतात ना, तुम्हीच सांगता. करतात, पण किती ते बघायला पाहिजे. शांघायला २०१० च्या एक्स्पोसाठी केलेल्या हाउतान पार्कमध्ये १.७ किलोमीटर लांबीची पाणथळ पट्टी दिवसाला २,४०० घनमीटर पाणी साफ करते, ती नदीचं घाण पाणी थोडं थोडं आत घेऊन, संथ फिरवून. म्हणजे एवढी लांब जागा आणि एवढा वेळ लागतो. पाइपातून धो धो येणाऱ्या मैल्याला दहा मीटरचं लव्हाळं पुरत नाही. म्युनिकने इसार नदीचा आठ किलोमीटरचा पट्टा २००० ते २०११ मध्ये मोकळा केला, काँक्रीटचे काठ काढून गोट्यांचे उथळ किनारे केले, लोक उन्हाळ्यात त्यात उतरून पोहतात, पण ते पोहणं शक्य झालं ते वरच्या बाजूच्या सांडपाणी केंद्रांमध्ये अल्ट्राव्हायोलेट बसवून पाणी निर्जंतुक केलं म्हणून. ते कोणत्याच फोटोत दिसत नाही.

आणि नुसतं दिसायला छान केलं तर काय होतं याचा एक आकडा मॅडमनीच सांगितलेला, त्यांच्याच धंद्याच्या विरुद्ध जाणारा. २०१० मध्ये काही संशोधकांनी ७८ नदी प्रकल्प तपासले जिथे वळणं, दगड, खड्डे करून नदीचा आकार परत आणला होता, आणि पाण्यातल्या किड्या-जीवांची विविधता नक्की वाढली असं म्हणता येईल असे निघाले फक्त दोन. अठ्ठ्याहत्तरपैकी दोन. आकार परत आला म्हणजे जीव परत येतातच असं नाही, पाणी खराब असेल आणि वरून पावसाचा लोंढा तसाच येत असेल तर घर बांधून ठेवलं तरी राहायला कोणी येत नाही. आपली सर्व्हिस विकायला आलेला माणूस हा आकडा स्वतःहून सांगतो तेव्हा विश्वास बसतो बाई.

आमच्याकडे दोन पाइपांपैकी एक बंद झाला. दुसरा अजून चालू आहे. त्याच्या खालच्या शंभरेक मीटरमध्ये आजही वास येतो आणि तिथे डासांशिवाय काही नाही. पण याचा स्टार ऑफिसचा नाही कापलाय, तो ज्यांचा कापायचा त्यांच्यासाठी वेगळा रिव्ह्यू लिहावा लागेल.

लोक नेहमी सोलच्या चेओंगग्येचॉनचं उदाहरण देतात, वरचा उड्डाणमार्ग पाडून २००५ मध्ये उघडलेला ५.८ किलोमीटरचा ओढा. भर शहरात, उन्हाळ्यात आजूबाजूच्या रस्त्यांपेक्षा काही अंश थंड. माणसांसाठी भारीच काम आहे, गाड्यांचा रस्ता पाडून पाणी आणायचं हीच केवढी हिंमत. पण त्यातलं बरंचसं पाणी हान नदीतून पंपाने आणून सोडलेलं, दिवसाला १ लाख २० हजार टन. पंप बंद तर ओढा बंद. मला विचाराल तर ती एक फार सुंदर जागा आहे, पण तिला नदी परत आणली म्हणायला माझी जीभ जरा अडखळते. आमच्या काकांना मात्र तेच पाहिजे होतं, त्यात रोषणाई आहे ना.

पहिला पूर. हे सांगितल्याशिवाय रिव्ह्यू पूर्ण होणार नाही. उद्घाटनाला दोन महिने झाले नव्हते, रात्रभर पाऊस, पहाटे बघते तर नवीन पायवाट गायब. बाकं गायब, म्हणजे पाण्याखाली. ग्रुपवर एकच गोंधळ, पैसे पाण्यात गेले, अक्षरशः. मी स्वतः मॅडमना सकाळी सहाला फोन लावून नको नको ते बोलले. त्या काय म्हणाल्या असतील? "भिंतीवरच्या खडूच्या खुणेपर्यंत आलंय का?" मी बघितलं तर त्या खुणेच्या कितीतरी खाली. घरांमध्ये पाणी नाही. खालच्या वस्तीतही नाही, आणि तिथे याआधी एवढ्या पावसात दरवेळी शिरायचं. तिसऱ्या दिवशी पायवाट वर आली, बाकं जागच्या जागी, काँक्रीटमध्ये खोल रोवलेली होती म्हणून. बुडणार हे सेक्शनच्या दुसऱ्या रेघेवर लिहिलेलंच होतं, आम्ही बघितलं होतं, कळलं नव्हतं.

बुडण्यासाठीच बांधलेली जागा ही कल्पना चीनच्या यू कोंगजिआन या लँडस्केप डिझायनरने फार लांबवर नेली, शहराने पाणी स्पंजासारखं धरून ठेवावं हे त्यांचंच म्हणणं. जिनहुआ शहरातल्या त्यांच्या यानवेइजोऊ पार्कमध्ये पुराची भिंत काढून पायऱ्यापायऱ्यांचे काठ केले, खालचं सगळं दरवर्षी पाण्याखाली जातं आणि वरून रंगीत वळणदार पूल लोकांना पलीकडे नेतो. सप्टेंबर २०२५ मध्ये ब्राझीलमध्ये छोट्या विमानाच्या अपघातात ते गेले, फार वाईट वाटलं. ह्यूस्टनचं बफेलो बायू पार्क २०१५ मध्ये पूर्ण झालं आणि दोनच वर्षांनी हार्वे वादळ आलं, सगळं पार्क बुडालं, पण मूळ बांधणी टिकली, कारण दिवे, रेलिंग, झाडं सगळं बुडणार हे धरूनच केलेलं होतं. मात्र नंतर ढीगभर गाळ काढावा लागला.

आणि गाळ, इथे माझी तिसरी तक्रार. आमच्याकडे पायवाटेवर घोट्याएवढा गाळ आणि तो कोणी काढायचा हे कोणत्याच करारात नाही. कॉन्ट्रॅक्टरचा करार संपला, पालिकेचं म्हणणं आमच्याकडे हस्तांतर झालंच नाही, ऑफिस म्हणे आम्ही डिझाईन करतो. शेवटी दोन रविवार आम्हीच फावडी घेऊन उतरलो, माझी कंबर महिनाभर धरलेली. जागा बुडणार हे माहिती आहे तर गाळ येणार हे माहिती आहे, मग गाळ काढायचं कलम आणि छोटी गाडी खाली उतरेल असा उतार, हे दोन्ही डिझाईनचाच भाग नको का? उतार नंतर केला, एक बाक काढून. अर्धा स्टार इथे. झाला दीड.

जागेबद्दल एक सांगायला हवं, नाहीतर कोणाला वाटेल सगळं मॅडमच्या मनासारखं झालं. नाही झालं. नदीला जागा द्यायची म्हणजे कोणाची तरी जागा घ्यायची. नेदरलँड्समध्ये नाइमेखनला वाल नदीसाठी बांधच ३५० मीटर मागे सरकवला, बाजूने नवा प्रवाह खोदला, पुराची पातळी ३५ सेंटिमीटर कमी झाली, पण त्यासाठी काही घरं हलवावी लागली आणि त्या लोकांशी वर्षानुवर्षं बोलावं लागलं. आमच्याकडे नऊ मीटर मिळाले, तेही एकाच बाजूला, कारण दुसऱ्या बाजूला पार्किंग, आणि लोक नदी सोडतील पण पार्किंग सोडणार नाहीत. म्हणून डावा काठ आजही भिंतच आहे. मॅडमनी तिथे जाळीत दगड भरून पायऱ्या केल्या, फटींमध्ये काहीबाही उगवतं, पण ती भिंतच. कोणी फोटो काढतं तेव्हा उजवाच काठ काढतं.

आता जीवजंतू, ज्यासाठी मी रोज सकाळी जाते. आधी आले चतुर. पाणी सोडल्यावर काही आठवड्यांतच, लाल, निळे, कुठून आले देव जाणे. मग बगळे. दुसऱ्या वर्षी खंड्याने घर केलं आणि ते कुठे केलं ते ऐका. उजव्या काठावर मॅडमनी एक पाच-सहा मीटरचा भाग नुसता मातीचा, उभा कापलेला, उघडा सोडला होता. वर्षभर प्रत्येक जण विचारायचा, हे अर्धवट का ठेवलंय, पैसे संपले का, पालिकेने तर पिचिंग, म्हणजे दगड बसवून काठ पक्का करायचं पत्रही काढलं. त्याच मातीत भोक करून खंड्या बसला. तेव्हापासून त्या उघड्या मातीला कोणी हात लावत नाही, काकासुद्धा येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात, जणू त्यांनीच सोडून ठेवली होती.

दिव्यांवरून मोठं भांडण झालं. बायकांचं म्हणणं, माझंही, की अंधारात आम्ही चालणार नाही. मॅडमचं म्हणणं की संपूर्ण ओढा उजळला तर रात्रीचे किडे दिव्यावर मरतात, वटवाघळं यायची बंद होतात. शेवटी तोडगा निघाला, भिंतीच्या काठावर दिवे, तेही बुटके, खाली प्रकाश टाकणारे, आणि मातीच्या काठावर पूर्ण काळोख, तिकडची वाट रात्री बंद. मला अजूनही हे शंभर टक्के पटलेलं नाही, कारण बंद वाट म्हणजे काही जणींना लांबून वळसा. पण वटवाघळं येतात, संध्याकाळी पाण्यावरून झपकन जातात. ह्यूस्टनच्या त्याच पार्कमध्ये एका पुलाखाली हजारोंच्या संख्येने वटवाघळं राहतात आणि ती बाहेर पडताना बघायला गर्दी होते, आमची मोजली तर वीसेक असतील.

मासे आहेत पण बोटाएवढेच. कारण आपल्या सातशे मीटरच्या खाली जुना बंधारा आहे, माणसाच्या कमरेएवढा, मोठ्या माशाला वर चढताच येत नाही. सिंगापूरला पाणमांजरं आली, कोणी आणून सोडली नव्हती, आपणहून आली. न्यूयॉर्कजवळ यॉंकर्सला पार्किंगखाली गाडलेली सॉ मिल नदी २०११-१२ मध्ये उघडी केली तेव्हा माशांना चढायला वेगळी शिडीसारखी वाट केली. आमच्या बंधाऱ्यासाठी मॅडमनी तसंच एक ड्रॉइंग काढून दिलंय, फुकट, पण बंधारा दुसऱ्या खात्याचा.

हीच या सर्व्हिसची मर्यादा आहे, आणि नवीनही नाही. बॉस्टनला ओल्मस्टेड या जुन्या लँडस्केप डिझायनरने १८८० च्या दशकात घाणीने भरलेल्या दलदलीची खाऱ्या पाण्याची सुंदर पाणथळ केली, भरती-ओहोटी धरून, पूर सामावेल अशी. १९१० मध्ये खाली चार्ल्स नदीवर धरण झालं, खारं पाणी गोडं झालं आणि त्याने लावलेलं तिथलं बहुतेक सगळं गेलं. डिझाईन चुकलं नव्हतं, बाजूचं जग बदललं. आमच्या वरच्या बाजूला आता मोठं बांधकाम चालू आहे, सगळी जमीन फरशीखाली जाणार, म्हणजे तिथला पाऊस मुरणार नाही, सगळा आमच्याकडे येणार. मॅडमनी त्यावर पालिकेला पत्र लिहिलंय, उत्तर नाही.

घ्यावी का ही सर्व्हिस? घ्या, पण करारात तीन वर्षांची भेट आणि मोजणी लिहून घ्या, नाहीतर कोणी परत येत नाही. अमेरिकेतल्या ३७ हजारांहून जास्त नदी-दुरुस्तीच्या कामांच्या नोंदी २००५ मध्ये तपासल्या तर नंतर जाऊन बघितल्याचा, मोजल्याचा उल्लेख फक्त १० टक्क्यांमध्ये सापडला. बाकीच्यांचं काय झालं ते नदीलाच ठाऊक. आमच्या करारात भेट दोनच वर्षांची होती आणि ती संपलीये. तरी परवा पाऊस झाला तर सकाळी मॅडमचा मेसेज, पुलाच्या खांबावरच्या पट्टीचा फोटो पाठवा. मी छत्री घेऊन गेले, फोटो काढला, पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "चार सेंटिमीटर जास्त आहे गेल्या वर्षीपेक्षा, वरचं बांधकाम कुठपर्यंत आलंय?" उद्या जाऊन बघून येते.